स्वादुपिंडाचा कर्करोग : शस्त्रक्रिया व रुग्णांचे उत्तरायुष्य

कावीळ झालेल्या माणसास डॉक्टरकडे नेण्यापूर्वी जाणत्याकडे नेण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी आहे. कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी नाकात कडू दोडक्याच्या रसाचे थेंब सोडतो, तर कोणी चुन्याच्या निवळीत हात धुववून कावीळ ‘उतरवतो’. कोकणातून व देशावरून आलेल्या कुटुंबांनी ही रीत आपल्याबरोबर मुंबईच्या उपनगरांतही आणली. वाकोल्याचेच उदाहरण घेतल्यास त्याच्या शेजारी विद्यापीठाची विद्यानगरी आहे, जवळच महानगरपालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे, आणि कर्करोगाचे देशातील अग्रगण्य रुग्णालय परळला, म्हणजे दहा-बारा किलोमीटरच्या आत आहे. तथापि अंतर कमी असणे आणि वेळेवर पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी होत, आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या बाबतीत हा भेद रुग्णाच्या आयुष्याशी निगडित आहे.

माळेवरील विश्वास केवळ अज्ञानातून उत्पन्न झाला असे म्हणणे योग्य होणार नाही. आपल्याकडील बहुसंख्य काविळी ‘ए’ किंवा ‘ई’ प्रकारच्या विषाणूंनी होतात व काही आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतात. त्यामुळे जो उपाय चालू असेल त्याच्या पदरी यश पडते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने तो उपाय सिद्ध झाल्यासारखा भासतो. मात्र काविळीचा एक प्रकार असा आहे की त्यात यकृताचा दोष नसून यकृतातून पित्त वाहून नेणारी नलिका खालच्या टोकाशी बंद पडलेली असते. हा अडथळा पुष्कळदा स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील अथवा त्याच्या लगतच्या गाठीचा असतो.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवी पसरलेली सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीची ग्रंथी होय. तिचे शीर्ष उजवीकडे आद्यांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, कमानीत बसलेले असते व पुच्छ डावीकडे प्लीहेपर्यंत जाते. पित्तनलिका या शीर्षातून किंवा त्याच्या पाठीमागून खाली उतरते, स्वादुपिंडाच्या मुख्य नलिकेला मिळते आणि व्हाटर याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा कुंभिकेतून दोघींचा रस आतड्यात पडतो. या चौकात उगम पावणारे कर्करोग चार : स्वादुपिंडाच्या शीर्षाचा, पित्तनलिकेच्या खालच्या टोकाचा, कुंभिकेचा आणि आद्यांत्राचा. चौघांचीही बाह्य लक्षणे जवळजवळ सारखी असतात आणि चौघांवरील शस्त्रक्रियाही एकच आहे. परिणाम मात्र अत्यंत भिन्न आहेत. स्वादुपिंडाच्या कर्करोगासंबंधीची आकडेवारी वाचताना होणाऱ्या निम्म्या चुकांचे मूळ या एका गोष्टीकडे दुर्लक्ष होण्यात आहे.

या अडथळ्याच्या काविळीची खूण ओळखण्यास कठीण नाही. ती बहुधा वेदनारहित असते, दिवसेंदिवस गडद होत जाते, अंगास खाज सुटते, लघवी गर्द होते आणि मळ पांढुरका पडतो. अशा रुग्णाचे पित्ताशय फुगलेले हातास लागत असेल आणि ते दुखत नसेल, तर कारण पित्तखडा नसून गाठ असण्याचा संभव अधिक, हे कूर्व्हाझिए या स्विस शल्यविशारदाने १८९० साली दाखवून दिले. मध्यम वयानंतर नव्याने उद्भवलेला मधुमेह व अकारण घटलेले वजन यांची जोड मिळाल्यास संशय बळावतो. सोनोग्राफीने अडथळ्याची जागा दिसते, आणि सीटी स्कॅनने गाठीचा रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध कळतो.

परंतु या नियमास एक अपवाद आहे व तो घातक ठरतो. कुंभिकेच्या कर्करोगात गाठीचा पृष्ठभाग कधी कधी कुजून झडतो, नलिकेचे तोंड काही काळ मोकळे होते आणि कावीळ कमी होते. त्या आठवड्यात रुग्णाच्या गळ्यात माळ असेल तर ती गुणकारी ठरल्याचा घरच्यांचा समज होतो, आणि वाढती माळ हा तर डोळ्यांना दिसणारा पुरावाच असतो. वस्तुतः चौघांपैकी ज्या कर्करोगांत शस्त्रक्रियेने दीर्घायुष्य मिळण्याची आशा विशेष असते, त्यांपैकी हा एक होय. म्हणजे ज्याने सर्वांत लवकर परळ गाठावयास हवे, तोच रुग्ण घरी थांबण्यास प्रवृत्त होतो. स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग निदान अशी दिशाभूल करीत नाही. मात्र पुच्छाकडील गाठ काविळीची सूचनाही देत नाही, आणि ती लक्षात येईपर्यंत रोग बहुधा यकृतात अगर उदरावरणात पसरलेला असतो.

शस्त्रक्रियेचा इतिहास या चौकाच्या भोवतीच फिरतो. इटलीत कोदिव्हिला याने १८९८ साली स्वादुपिंडाचे शीर्ष व आद्यांत्र काढण्याचा प्रयत्न केला, पण रुग्ण महिन्याच्या आतच दगावला. बर्लिनमध्ये काउश याने १९०९ साली दोन टप्प्यांत ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. १९३५ साली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल याने सहकाऱ्यांसह तीन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की व्हिपलचा तो निबंध कुंभिकेच्या कर्करोगावरचा होता, स्वादुपिंडाच्या नव्हे. दोन टप्प्यांचे कारणही त्या काळाचेच होते. काविळीच्या रुग्णाचे रक्त गोठत नसे, म्हणून प्रथम पित्ताला वाट करून द्यावयाची व काही आठवड्यांनी गाठ काढावयाची. जीवनसत्त्व ‘के’ उपलब्ध झाल्यानंतर, १९४० पासून, शस्त्रक्रिया एकाच बैठकीत होऊ लागली.

शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचे शीर्ष, आद्यांत्र, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग आणि बहुधा जठराचा शेवटचा भाग असे सर्व एकसंध काढले जाते. गाठीच्या अगदी मागे प्रवेशिका नीला व ऊर्ध्व आंत्रबंध रोहिणी या मोठ्या वाहिन्या असतात. त्यांपैकी नीलेचा थोडा भाग काढून ती पुन्हा जोडता येते. रोहिणीस गाठीने वेढा घातला असेल तर शस्त्रक्रिया प्रारंभी बहुधा टाळली जाते. काढण्यापेक्षा जोडण्याचे काम अधिक जोखमीचे असते. उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर हे तिन्ही लहान आतड्यास शिवावे लागतात, आणि यांपैकी पहिला सांधा हा या शस्त्रक्रियेचा मर्मबिंदू होय. स्वादुपिंडाचा रस मांस पचविण्यासाठीच निर्माण झालेला आहे. सांधा गळू लागला की तो रस शेजारच्या रोहिण्यांच्या भिंतींवर काम करू लागतो, आणि आठ-दहा दिवसांनी होणारा अकस्मात रक्तस्राव प्राणघातक ठरू शकतो. या गळतीची सर्वमान्य व्याख्या २००५ साली प्रथम ठरली व २०१६ साली सुधारण्यात आली. तत्पूर्वी प्रत्येक रुग्णालय आपल्या मापाने गळती मोजत असल्याने परस्परांचे आकडे ताडून पाहणे निरर्थक होते.

येथे एक विलक्षण विरोध आढळतो. स्वादुपिंडाच्या शीर्षाचा कर्करोग मुख्य नलिका कोंडून ग्रंथीस कठीण व तंतुमय बनवितो, नलिकाही रुंदावते; अशा ग्रंथीस टाका चांगला बसतो. कुंभिकेच्या व पित्तनलिकेच्या कर्करोगात ग्रंथी पुष्कळदा मऊ राहते व नलिका बारीक असते. मऊ ग्रंथीतून टाका लोण्यातून सुरी जावी तसा फाटत जातो. म्हणजे ज्या रुग्णाचे पुढील आयुष्य अधिक आशादायक, त्याचाच शस्त्रक्रियेनंतरचा पंधरवडा अधिक धोक्याचा. भारतात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी असून व्हिपल शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत कुंभिकेभोवतालच्या कर्करोगांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे अमेरिकेतील गळतीचे वा उत्तरायुष्याचे आकडे मुंबईच्या रुग्णालयास जसेच्या तसे लावता येत नाहीत. किंबहुना दोन्ही बाबतींत ते उलट दिशांनी चुकतात.

विसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकांत या शस्त्रक्रियेने चार-पाच रुग्णांमागे एक दगावत असे. एवढी किंमत मोजूनही पाच वर्षे जगणारे विरळाच, म्हणून अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज क्राइल (धाकटे) यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की गाठ काढण्याच्या भरीस न पडता पित्ताला नवी वाट करून देणेच रुग्णाच्या हिताचे आहे. त्या काळच्या आकड्यांवरून पाहता हे मत अवाजवी म्हणता येणार नाही. त्याचे खंडन वादाने न होता हाताच्या सवयीने झाले. १९९३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातून कॅमेरॉन व सहकाऱ्यांनी सलग १४५ शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता पार पडल्याचे नमूद केले. २००२ साली बर्कमायर व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील वृद्ध विमाधारकांच्या नोंदींवरून दाखविले की स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया वर्षातून एखादीच होणाऱ्या रुग्णालयांत मृत्युप्रमाण १६.३ टक्के, तर वर्षाला सोळांहून अधिक होणाऱ्या रुग्णालयांत ते ३.८ टक्के होते. शल्यविशारदाचे कौशल्य हे या फरकाचे एक कारण झाले. मध्यरात्री गळती ओळखणारी परिचारिका, रक्तस्राव थांबविणारा क्ष-किरणतज्ज्ञ व सज्ज अतिदक्षता विभाग यांचा वाटा त्याहून कमी नाही.

मुंबईत हे कार्य प्रामुख्याने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले हे रुग्णालय १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. तेथील डॉ. शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी २०२० साली एकाच केंद्रातील सलग बाराशे व्हिपल शस्त्रक्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. एवढ्या संख्येचे महत्त्व विक्रमात नाही. ठरावीक पद्धत, ठरावीक नोंद आणि प्रशिक्षित होऊन देशभर गेलेले शिष्य यांमुळे तिला अर्थ प्राप्त होतो.

शस्त्रक्रियेपूर्वी कावीळ उतरवावी की नाही हा प्रश्नही आपल्याकडे वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. दुर्बिणीतून पित्तनलिकेत नळी बसवून पित्ताला वाट देता येते. नेदरलँड्समधील एका चाचणीने २०१० साली असे दाखविले की अशी नळी बसविलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांत गंभीर उपद्रव झाले, तर थेट शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ टक्के. यावरून नळी सरसकट वर्ज्य ठरविणे घाईचे होईल. ज्यांच्या रक्तरसातील पित्तरंजक दर शंभर मिलिलिटरमागे सुमारे १५ मिलिग्रॅमच्या आत होते, तेच रुग्ण त्या चाचणीत घेतले होते, आणि नळ्याही प्लॅस्टिकच्या होत्या. माळ, थेंब व पथ्य यांत महिना-दीड महिना घालवून त्याहून कितीतरी गडद कावीळ घेऊन, ताप भरून येणारा रुग्ण त्या चाचणीत नव्हताच. त्याच्या बाबतीत नळी अनेकदा टाळता येत नाही, आणि तिच्यामागून येणारा जंतुसंसर्ग शस्त्रक्रियेच्या जखमेपर्यंत पोहोचतो. विलंबाची किंमत रोग वाढण्यापुरतीच मोजून चालत नाही ती यामुळे.

शस्त्रक्रियेमागून रसायनोपचार दिल्यास लाभ होतो हे आता निर्विवाद आहे. जर्मनीत झालेल्या कॉन्को-००१ या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर जेम्सायटाबिन घेतलेल्यांपैकी २०.७ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी १०.४ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. २०१७ साली जेम्सायटाबिनास कॅपेसिटाबिनाची जोड देऊन मध्यक उत्तरायुष्य २५.५ महिन्यांवरून २८ महिन्यांवर गेल्याचे दिसले. २०१८ साली फ्रान्स व कॅनडातील ४९३ रुग्णांच्या चाचणीत फॉल्फिरिनॉक्सच्या सुधारित मिश्रणाने ते ५४.४ महिने झाले, तर केवळ जेम्सायटाबिन घेणाऱ्यांत ३५.

विद्यार्थ्याने शेवटच्या आकड्यावर हर्ष मानण्यापूर्वी जेम्सायटाबिनाचेच आकडे ओळीने मांडून पाहावेत : पहिल्या चाचणीत २२.८ महिने, दुसरीत २५.५, तिसरीत ३५. औषध एकच, तरी फरक वर्षभराचा. याचे कारण औषधात नसून रुग्णांच्या निवडीत बरेचसे आहे. तिसऱ्या चाचणीत शस्त्रक्रियेतून उत्तम सावरलेले, ज्यांच्या रक्तातील कर्कद्योतक द्रव्य खाली आलेले आहे असेच रुग्ण घेतले होते. शिवाय तोवर तपासणीची साधने सुधारली होती आणि रोग उलटल्यावर द्यावयाची औषधेही वाढली होती. अर्थात एकाच चाचणीतील दोन गटांची तुलना ग्राह्य असते. दोन चाचण्यांतील गटांची तुलना बहुधा फसवी ठरते. चौपन्न महिने हा आकडा शस्त्रक्रियेतून वाचलेल्या, सावरलेल्या व निवडलेल्या रुग्णांचा आहे. वाकोल्यातील काविळीच्या रुग्णाच्या हाती तो देणे प्रामाणिकपणाचे नाही.

मग त्याचा हिशेब कसा मांडावा? स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान झालेले शंभर रुग्ण कल्पावेत. निदानाच्या वेळी त्यांपैकी सुमारे वीसच शस्त्रक्रियेस योग्य असतात. जुन्या काळी वीसांतील पाच शस्त्रक्रियेतच जात, पंधरा उरत, आणि दहा टक्क्यांच्या हिशेबाने पाच वर्षांनी एक-दोघे शिल्लक राहत. आता वीसांतील एक जातो असे धरू. उरलेल्या एकोणीसांतून दोघे जगतील. म्हणजे शस्त्रक्रिया निर्धोक होण्याने एकट्याने फारसे साधत नाही. रसायनोपचाराने दहाचे वीस टक्के झाले तर दोघांचे चौघे होतात. आणि निदान लवकर होऊन वीसांऐवजी तीस रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य ठरले, तर चौघांचे जवळजवळ सहा होतात. हा हिशेब कल्पित आहे, व त्यात रसायनोपचार सोसू न शकणाऱ्यांची वजाबाकी केलेली नाही. पण कोणत्या पायरीवर किती माणसे गळतात हे त्यावरून स्पष्ट व्हावे. अमेरिकेत सर्व अवस्था मिळून या रोगाचे पाच वर्षांचे उत्तरायुष्य १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास सुमारे ३ टक्के होते, ते २०२४ च्या अहवालात १३ टक्के झालेले दिसते. कुंभिकेच्या कर्करोगात मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. दोन्ही रोग एकाच कोष्टकात घालून काढलेली सरासरी कोणाच्याच उपयोगाची नसते.

उरलेल्या ऐंशी जणांचा विचार शस्त्रक्रियेच्या लेखात सहसा येत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजाराचा काळ सर्वांस ठाऊक आहे : फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईच्या लीलावती रुग्णालयात दाखल झाले, नंतर अमेरिकेत व दिल्लीत उपचार झाले, आणि १७ मार्च २०१९ रोजी वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. जे जे साधन उपलब्ध होते ते त्यांना मिळाले, आणि काळ तेरा महिन्यांचा. पसरलेल्या रोगात फॉल्फिरिनॉक्सने मध्यक उत्तरायुष्य ६.८ महिन्यांवरून ११.१ महिन्यांवर नेल्याचे २०११ साली सिद्ध झाले. या रोगाच्या प्रगतीचे माप अद्याप महिन्यांतच घ्यावे लागते.

आता प्रश्न उरतो तो आकडे कोठून येतात याचा. मुंबईत त्यांचे दोन उगम आहेत. पहिला रुग्णालयाची नोंद. तीत परळला येणारा प्रत्येक रुग्ण असतो, मग तो वाकोल्याचा असो, रत्नागिरीचा असो वा बिहारचा. दुसरा उगम म्हणजे लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदवही. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत सुरू केलेली ही नोंदवही भारतातील पहिली होय. तीत बृहन्मुंबईचे रहिवासीच मोजले जातात, पण ते कोठेही उपचार घेवोत, अथवा कोठेच न घेवोत. मृत्यूच्या दाखल्यावरूनच ज्याचा रोग कळला त्याचीही गणना होते. रुग्णालयाच्या नोंदीत दारापर्यंत पोहोचलेले असतात, नोंदवहीत न पोहोचलेलेही असतात. पहिलीवरून शस्त्रक्रिया किती चांगली होते हे कळते. शहराला तिचा किती उपयोग होतो हे दुसरीवरूनच कळू शकते.

दोहींतही एक कच्चा दुवा राहतो, तो पाठपुराव्याचा. पाच वर्षे पूर्ण होण्याआधी ज्यांचा ठावठिकाणा सुटला त्यांना कॅप्लन व मायर यांच्या १९५८ च्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या भेटीपर्यंत हयात धरून पुढे गणनेतून वगळतात. सुटलेले व न सुटलेले रुग्ण यांचे भवितव्य सारखेच असते, या गृहीतावर ती पद्धत उभी आहे. मुंबईत हे गृहीत धरणे धाडसाचे आहे. आजार बळावला की माणूस गावी जातो, आणि गावी झालेला मृत्यू महानगरपालिकेच्या दप्तरी येत नाही. असे बरेच रुग्ण असतील तर वक्ररेषा वास्तवापेक्षा वर राहते. उलटपक्षी, पूर्ण बरा झालेला माणूसही रुग्णालयाकडे फिरकेनासा होतो. म्हणून आपल्याकडील नोंदवह्यांना मृत्यूच्या दाखल्यांवर विसंबून न राहता पत्राने, दूरध्वनीने व प्रत्यक्ष घरी जाऊन विचारपूस करावी लागते. उपनगरांत पुनर्वसनाच्या योजनांमुळे चाळी व झोपड्या पाडल्या जातात, कुटुंबे संक्रमण शिबिरांत हलतात आणि नोंदीतला पत्ता उरत नाही. अशा वेळी शेजाऱ्याने, वाण्याने किंवा जुन्या मालकाने सांगितलेल्या ठिकाणी कार्यकर्त्यास पुन्हा जावे लागते, आणि तेथे मिळालेले उत्तर, हयात की मृत व कोणत्या तारखेस, हीच त्या वक्ररेषेवरील एक पायरी असते.